गोल कोपऱ्यांची खोली

माझी एक खोली होती. खोटं नाही सांगत. एक अख्खा हिवाळा मी तिच्यात राहिले, तिच्यात भाकरी थापली, तिच्यात तापानं फणफणले आणि बरीही झाले. आता गावात येऊन कुणाला विचारलंत तर तो म्हणेल, तिथं खोली कुठली बाई, चेअरमनच्या घराखाली पाण्याची टाकी आहे. लोकांचं सोडा. मी सांगते ते ऐका.

चेअरमन म्हणजे माझा धाकटा भाऊ, गावातल्या दूध संस्थेचा. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मीच त्याला काखेला घेऊन शेतात नेलं, निंबाला झोळी बांधून निजवलं. त्याचं जावळ निघालं तेव्हा मांडीवर मीच घेतला होता. पुढं माझं लग्न झालं आणि नवऱ्यासंगं ऊसतोडीला जायला लागले. आमच्या भागात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. बारा वर्षं कारखान्याच्या तळावर कोपीत काढली. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाचं खोपट, वाकून आत जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. तेराव्या वर्षी कंबर गेली. मोळी उचलेना. नवरा वाईट होता असं नाही, पण त्याचा कोयता अर्धा पडला ना! त्यानं दुसरी बाई करून तो पुरा केला आणि मी पिशवी घेऊन माहेरी आले.

भावानं दारातच माझ्या हातातली पिशवी घेतली. "अक्का, हे तुझंच घर हाय," म्हणाला. त्या दिवशी तो मनापासूनच म्हणाला असणार. मला अजून तसंच वाटतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

त्यानं मला संस्थेत दुधाचं माप घ्यायला बसवलं. सकाळ-संध्याकाळ कॅन, माप, काचेची नळी. काम मला आवडायचं. पण घरात माझी जागा ओसरीवर, जुन्या लुगड्याच्या पडद्याआड. चेअरमनच्या घराला माणसांची काय कमी? पहाटेपासून कुणीतरी यायचं, पडद्याला धक्का लागायचा, "कोण निजलंय बे इथं?" म्हणायचं. लुगडं बदलायचं तर भावजयीच्या सैपाकघराला आतून कडी घालायची, आणि तेवढ्यात बाहेरून कुणीतरी पाणी मागायचं. चाळिशीच्या बाईला दार लावून दोन घटका बसायला जागा नाही, ही काय जिंदगी झाली? मी तसं भावाला तोंडावर बोलले.

भाऊ हसला. "अक्का, खाली एवढं तळघर पडलंय. करून घे की खोली."

तळघराचं असं होतं. आमचं घर काळ्या मातीत. काळीत घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खाली न्यावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंती तडकतात. भावानं नवं घर बांधलं तेव्हा पाया माझ्या उंचीच्याही खाली गेला. ती पोकळी भरून काढण्यापेक्षा त्यानं वर स्लॅब टाकला आणि खाली संस्थेची सरकी पेंडीची पोती ठेवली. उतरायला सैपाकघरातल्या फरशीत एक झाकण आणि लोखंडी शिडी. खाली काळोख, उंदीर आणि पेंडीचा वास. पण मला तिथं उभं राहता येत होतं! हात वर केला तरी छत लागत नव्हतं. मी खाली उभी राहिले आणि मला हसूच फुटलं.

"पुरी कर," भाऊ वरून म्हणाला, "ग्रामपंचायतीत तुझ्या नावानं लावून देतो. उद्या मी असो नसो, तुला कोणी ऊठ म्हणणार न्हाई."

हेच मला पाहिजे होतं. खोली तर पाहिजे होतीच, पण कोणी ऊठ म्हणणार नाही, हे जास्त पाहिजे होतं.

त्याच आठवड्यात घरपट्टीच्या नोंदी करायला ग्रामसेवक आले होते. मी त्यांना शिडीवरून खाली उतरवलं. बिचारे खिशातला रुमाल नाकाला लावून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, ही खोली नाही. हे पेव आहे. पेवात ज्वारी ठेवतात, माणूस नाही."

"मग खोली कशाला म्हणत्यात?" मी विचारलं.

माणूस सरळ होता, त्यानं नीट सांगितलं. खोलीला तिची तिची वाट पाहिजे, दुसऱ्याच्या सैपाकघरातून नाही. भिंतीला गिलावा पाहिजे, खाली पक्की जमीन पाहिजे. चूल पाहिजे आणि चुलीचा धूर बाहेर गेला पाहिजे. आणि भर दुपारी दिवा न लावता पेपर वाचता आला पाहिजे. "एवढं करा, मी स्वतः येऊन लिहून देतो," म्हणाले. मला लिहिता वाचता बेतानंच येतं, पण हे पाच बोल मी तोंडपाठ करून टाकले. माप घेताना सुद्धा मनात तेच घोळायचे.

दिवाळीआधी गवंडीमामा कामाला लागले. हे आमच्या गावचेच, भावाचं घरही त्यांनीच बांधलेलं, लई बोलका माणूस. माझा पगार त्यांच्या हातावर आणि मजुरी माझ्या डोक्यावर, असं आमचं ठरलं. पोती मी एकटीनं बाहेर काढली. ओढ्याची वाळू घमेल्यानं मी वाहिली. ज्या कमरेला मोळी झेपली नाही त्याच कमरेनं वाळू वाहिली, बोला! भावजय म्हणायची, "अक्का, बास करा आता, पडताल एखांद्या दिवशी." मी ऐकत नव्हते. हौसेला कळ लागत नाही.

घराच्या मागच्या अंगानं माती खणून पायऱ्या काढल्या आणि दार पाडलं. खिडकी मला घराशेजारच्या निंबाच्या बाजूला पाहिजे होती. सकाळचं ऊन आलं असतं, झाड दिसलं असतं. पण भाऊ कधी नाही तो खाली उतरला, चारी भिंतींकडं बघितलं आणि म्हणाला, "रस्त्याकडं घे अक्का. वारं तिकडून येतंय." मला केवढं बरं वाटलं! एवढा कामाचा माणूस, दिवसभर लोक मागं लागलेले, आणि बहिणीच्या खिडकीचा विचार करतो. रस्त्याकडं खिडकी पाडली. बाहेरून ती जमिनीपासून हातभर उंच, आतून माझ्या डोक्याशी.

एकच गोष्ट मी गवंडीमामांना शंभरदा बजावली. "मामा, मला ओल नको. बारा वर्षं ओलीत झोपलेय. एक थेंब आत आला न्हाई पाहिजे."

"न्हाई येणार," मामा म्हणाले आणि कामाला वाकले. एरवी एका वाक्याला दहा वाक्यं बोलणारा माणूस, त्या दिवशी तेवढंच बोलला.

त्यांनी सिमेंटमध्ये कसली पावडर कालवून गिलावा केला, एकावर एक दोन हात दिले आणि वरून घोटून घोटून असा गुळगुळीत केला की भिंतीवरून हात फिरवावा वाटावा. जिथं भिंत जमिनीला मिळते तिथं कोपरा काढलाच नाही. सगळीकडं गोलाई दिली. भिंतीला भिंत मिळते तिथंही तसंच.

"मामा, कोपरे असे गोल कावून केले?"

"झाडायला सोपं जातंय. केर अडकत न्हाई."

मला पटलं. का पटू नये? माझी बारा वर्षं कोपीत गेली, तिला तर कोपरेच नसतात. गोल कोपरा म्हणजे भारीतलं काम असणार, शहरात असंच करत असतील, असं मला वाटलं. जमिनीला एका बाजूला उतार दिला आणि त्या टोकाला थाळीएवढा खड्डा ठेवला. धुतलेलं पाणी तिकडं जाईल, म्हणाले. तेही मला पटलं. बायकांना बोलावून बोलावून मी ते कोपरे दाखवले. "हात लावून बघा," म्हणायची.

चूल मी स्वतः घातली. धुरासाठी पत्र्याचं नळकांडं बाहेर काढलं. मग ग्रामसेवकांना निरोप धाडला.

ते भर दुपारी आले, पायऱ्यांनी उतरले. हात वर करून बघितला. चूल पेटवायला लावली, धूर कुठून जातो ते बाहेर जाऊन बघून आले. मग खिशातला पेपर काढला, सतरंजीवर मांडी घातली आणि मोठ्यानं वाचायला लागले. पाऊस कुठं कुठं कमी झाला त्याचीच बातमी होती. पण माझं लक्ष बातमीकडं नव्हतंच, ते अडखळतात का एवढंच मी बघत होते. एकदाही अडखळले नाहीत. पेपर घडी घालून म्हणाले, "झाली बरं का ताई. खोली झाली."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. लाजच वाटली, परक्या माणसासमोर. त्यांनी तिथंच कागद लिहिला, निवासी खोली, वापर करणार म्हणून माझं नाव. "घर चेअरमनच्या नावावर आहे, त्यांची सही घ्या आणि आणून द्या," म्हणाले. भावानं कागद वाचला, "करतो सही," म्हणाला आणि संस्थेच्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला. मी रोज माप घेताना तो कागद बघायची. सही आज होईल, उद्या होईल. भावाची सही, तिला काय घाई करायची?

चुलीवर दूध उतू जाऊ दिलं. भावजय हळद-कुंकू घेऊन आली, भिंतीला बोटं ओढली. "लई छान झाली वो अक्का," म्हणाली. भाऊ दारातूनच बघून गेला. जाताना त्यानं भिंतीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं.

मग तो हिवाळा. काय सांगू तुम्हाला! आतून कडी घातली की मी आणि माझी चूल. दार लावून केस विंचरायचे, दार लावून गाणं म्हणायचं, दार लावून नुसतं बसायचं. खिडकीतून लोकांचे पाय दिसायचे आणि चपलेवरून मी माणूस ओळखायची. आठवड्याच्या बाजाराला नेकनूरला गेलते, तिथून भिंतीवर टांगायला एक आरसा आणला. खिळा ठोकायला गेले तर वर भावाकडं बसलेले गवंडीमामा ठोका ऐकून धावत आले. "खिळा नको, खिळा नको, गिलावा फुटंल!" माझ्या भिंतीची एवढी काळजी! मी आरसा खिडकीच्या गजाला बांधला.

पाऊस आधीच्या साली कमी झाला होता आणि त्या साली झालाच नाही. होळी झाली तशा विहिरी तळाला गेल्या. गाव निम्मं ऊसतोडीला गेलेलं ते परत आलं आणि प्यायला पाणी नाही. जनावरं चारा छावणीला गेली, संस्थेत दूध कॅनाच्या तळाशी दिसायला लागलं. सरकारी टँकर यायचा आणि विहिरीत पाणी सोडून जायचा. कोरडी विहीर ती, निम्मं पाणी भेगांतूनच पिऊन टाकायची. उरलेल्या गाळाच्या पाण्यावर बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. एक बाई कठड्यावरून आत पडली, पाय मोडला. तेव्हा संस्थेनं सभा बोलावली.

मी बायकांच्या घोळक्यात मागं बसले होते. सगळे म्हणत होते, टँकर रिकामा करायला पक्की जागा पाहिजे, टाकी पाहिजे, आता या दिवसांत टाकी बांधणार कधी? भाऊ उठला. "बांधायची गरज न्हाई," म्हणाला. "माझ्या घराखाली टाकी हाय. पक्की हाय. मी संस्थेला देतो."

मला वाटलं, आपल्या घराखाली टाकी? कुठं आहे? खरंच सांगते, मी शेजारणीला विचारलं सुद्धा. ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, म्हातारी माणसं हात जोडत होती, आणि मला कळलं. उठून ओरडावं वाटलं, अरे ती खोली आहे, तिथं माझं अंथरूण आहे! पण मोडक्या पायाची ती बाई तिथंच खाटेवर आणून ठेवली होती. तिच्या देखत पाण्याला नाही म्हणायला कुणाचं तोंड होईल? माझं झालं नाही. बायका माझ्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझा भाऊ देवमाणूस हाय बाई."

घरी आल्यावर मी त्याला धरलं. "मला एका शब्दानं इचारलं न्हाईस?"

"दोन म्हयने अक्का. पाऊस पडला की तुझी खोली तुला. आता गावाकडं बघायचं का आपल्याकडं?"

त्याला मी काखेला घेतलेला, तो माझ्याशी खोटं बोलंल हे डोक्यात येतच नव्हतं.

एका दिवसात मामांनी दार छातीपर्यंत विटांनी चिणलं आणि आतून तोच गुळगुळीत गिलावा दिला. मी अंथरूण, भांडी, आरसा वर ओसरीवर नेला. चूल काढायला हात होईना. भावानं माणूस लावून ती फोडली आणि नळकांडं काढून भोक बुजवलं. टँकर आला तो रस्त्याकडं उभा राहिला आणि त्याचा पाइप सरळ माझ्या खिडकीतून आत गेला. इंचाचाही फरक नाही. सगळं बरोबर मापात. बाया माझ्या पायऱ्यांवर रांग लावून, चिणलेल्या दारावरून बादल्या सोडून पाणी भरायच्या. घरटी दोन हंडे ठरले. मीही हंडा घेऊन उभी राहिले, तर वाटणारा म्हणाला, "अक्का, तुमचं घर येगळं कुठं हाय? चेअरमनच्या घरचे दोन गेले की." खरंच होतं त्याचं. कागद काचेखालीच होता, बिनसहीचा.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. चांगला झाला. ओढा वाहिला, विहिरी भरल्या. दोन महिने कधीच उलटून गेले होते. मी भावाला म्हणाले, आता दार मोकळं करून दे. तो म्हणाला, बघू. संस्थेच्या सभेत त्याला शाल घातली, नारळ दिला, आणि ती शाल घडी घालून घरी आणायला माझ्याच हातात दिली. मी परत म्हणाले. तो परत म्हणाला, बघू.

मग एक दिवस टाकी धुवायला गवंडीमामा आले. पाणी काढून टाकलेलं होतं. त्यांच्यामागं मीही शिडी लावून आत उतरले. भिंती तशाच होत्या, गुळगुळीत. उताराच्या टोकाला, त्या थाळीएवढ्या खड्ड्यात गाळ जमला होता. मामा तिथं बसून गाळ डब्यानं उपसत होते आणि मी त्या गोल कोपऱ्यांकडं बघत होते. एकदम डोक्यात उजेड पडला.

"मामा," मी म्हणाले, "खरं सांगा. राहायच्या खोलीला कोपरे गोल करत्यात का?"

मामांनी डबा खाली ठेवला. माझ्याकडं बघितलंच नाही. "न्हाई अक्का. टाकीला करत्यात. सरळ कोपऱ्यातनं पाणी झिरपतं."

"मग तुमी..."

"चेअरमननी पहिल्या दिवशीच सांगितलंतं. टाकीचं काम कर म्हणून. खिडकी कुठं घ्यायची ते बी. अक्काला बोलू नको म्हणले, ती हौसंनं करतीय." डबा परत उचलत म्हणाले, "मला वाटलं, घरातली गोष्ट हाय, कळंल तुमाला कवातरी."

म्हणजे विहिरी तळाला जायच्या आधी. ग्रामसेवकानं पेपर वाचायच्या आधी. मी वाळू वाहत होते तेव्हा वर बसून त्यानं सगळं ठरवलेलं होतं आणि मी खाली माझ्या हातानं त्याची टाकी बांधत होते, माझ्या पगारानं. मी म्हणाले, एक थेंब आत आला नाही पाहिजे, आणि मामांनी ते ऐकलं सुद्धा. भिंती आतला थेंब बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, एवढाच काय तो फरक.

दुपार होती. मी तशीच चिखलाच्या पायांनी वर गेले. भाऊ जेवायला बसला होता, भावजय वाढत होती. मी ताटासमोर उभी राहिले आणि सगळं बोलले. आवाज चढला माझा. शेजारी ऐकत होते, ऐकू देत. कोपरे बोलले, खिडकी बोलले, कागद बोलले. भावजयीनं मान खाली घातली. तिला माहीत होतं की नव्हतं, मी आजवर विचारलेलं नाही.

भावानं घास खाल्ला, पाणी प्यायला. रागावला नाही. लाजलाही नाही, आणि हेच मला अजून सोसत नाही. शांतपणे म्हणाला, "मग काय करायचं व्हतं अक्का? टाकी हाय म्हणून सांगितलं असतं, तर वाळूची घमेली वाह्यली असतीस का तू?"

"वाह्यली असती," मी म्हणाले. "गावाला पाणी पाहिजे म्हणला असतास तर दुप्पट वाह्यली असती. तू इचारायचं व्हतं."

भावजयीकडं ताट सरकवून त्यानं अर्धी भाकरी मागितली. मी ओसरीवर आले, पडदा सोडला आणि पायांचा चिखल पुसत बसले. थोड्या वेळानं संस्थेचा कुणीतरी माणूस आला, पडद्याला धक्का लागला, आणि बाहेरून आवाज आला, "कोण हाय बे आत?"